पुढच्या सीटवरचे व्याही

बिरवाडीच्या हैबतीची मान तीन वर्षं उजवीकडे कललेली होती. पहिल्या वर्षी थोडी, तिसऱ्या वर्षी चांगलीच. कोणी त्याच्याशी बोलायला उभं राहिलं, की थोड्या वेळाने त्याचीही मान नकळत तशीच कलायची, आणि लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हे दोघं मिळून झाडावरचं एखादं पाखरू शोधताहेत.

हैबतीचा धंदा मिनिडोरचा. महाड ते बिरवाडी, बिरवाडी ते महाड. तीन चाकं, मागे माणसांची बाकं आणि पुढे ड्रायव्हरची सीट. ती सीट बनवणाऱ्याने एका माणसासाठी बनवली असावी. पण एमआयडीसीत सकाळची पाळी सातला भरते, आणि साडेसहाला महाडच्या स्टँडबाहेर जेवढी माणसं उभी असतात तेवढी कंपन्यांच्या गेटवर पोचवायचीच असतात. म्हणून ड्रायव्हरच्या डाव्या मांडीला मांडी लावून एक माणूस बसतो. ड्रायव्हर उजवीकडे सरकतो, अर्ध्या बुडावर बसतो आणि गाडी हाणतो. इकडचे सगळेच तसं करतात. हैबतीने एकोणीस वर्षं तसंच केलं, आणि त्याला कधी काही झालं नाही.

मग दुखायला लागलं. आधी नुसती मान आखडायची. मग उजव्या खांद्यात दगड ठेवल्यासारखं झालं. मग ती कळ दंडातून खाली उतरून अंगठ्यापर्यंत पोचली आणि अंगठ्यात मुंग्या यायला लागल्या. डोकं दुखायचं तेही सरळ नाही. मानेच्या मागे सुरू व्हायचं, टाळूवरून चढून पलीकडे जायचं, आणि उजव्या डोळ्यामागे येऊन बसायचं. एकदा बसलं की दुपारपर्यंत उठायचं नाही.

घरात यावर पहिलं मत दिलं हैबतीच्या आईने. धोंडूबाईचं वय ऐंशीच्या पुढे, पण जीभ विशीतली.

"मी उभा जन्म डोकीवर भारे वाह्यले," ती म्हणाली. "लाकडाचे, गवताचे, पाण्याचे हंडे. नि काखेत तू. माझी मान बघ, मेढीसारखी ताठ हाय. तू बसून गाडी हाकतोस, नि तुझी मान मोडते? ही मान हाय का भेंडी?"

"आये, दुखतं गो."

"उशी बदल."

तिथून उशांचा जो फेरा सुरू झाला तो दोन वर्षं चालला. जुनी उशी पातळ म्हणून जाड आणली. जाड झाली म्हणून शेवरीच्या कापसाची आणली. जावई जितेश मोबाईलवरून मागवून एक उशी घेऊन आला, तिला मधोमध खड्डा होता. डोकं त्या खड्ड्यात ठेवायचं. हैबती म्हणाला, दिवसभर खड्ड्यातून जातो तेवढं पुरे आहे. तरी जावयाने आणलेली म्हणून आठ दिवस त्या खड्ड्यात झोपला. मग एक गोल, लोडासारखी. मग आईच्या सांगण्यावरून पाट, त्यावर गोधडी. शेवटी त्याची बायको ललिता म्हणाली, "घरात माणसं तीन नि उशा नऊ. पाहुणे येतील तर त्यांना वाटेल आपण लॉज काढलाय."

मलमं झाली. हैबतीच्या मानेला लावलेल्या मलमाचा वास गाडीत इतका भरला, की सर्दी झालेली माणसं मुद्दाम त्याची गाडी येईपर्यंत थांबायला लागली. मग कोणीतरी पोलादपूरच्या चांगूचं नाव सांगितलं. चांगू माना मोकळ्या करून देतो. त्याने हैबतीला पायरीवर बसवलं, डोकं दोन्ही हातांत कलिंगडासारखं धरलं, "घरी सगळे बरे ना?" असं विचारलं, आणि हैबती उत्तर द्यायला गेला तोच कटकन मान फिरवली. आवाज मोठा आला. चांगू खूश झाला. हैबतीला मात्र त्यानंतर आठ दिवस मान कुठेच वळवता येईना. गाडी मागे घ्यायची तर आधी खाली उतरून मागे काय आहे ते बघायचं, लक्षात ठेवायचं, आणि मग चढून बसायचं.

मेडिकलमधून गळ्यात घालायचा पट्टा आणला, तर त्याने वेगळंच झालं. गळ्यात पट्टा घातलेला ड्रायव्हर बघून माणसं दुसऱ्या गाडीत बसायला लागली. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "कुठे पलटी झाली?" पट्टा दुसऱ्या दिवशी खुंटीवर गेला.

आता हैबतीच्या डावीकडे कोण बसायचं, ते सांगायला हवं.

तिथे त्याचे व्याही बसायचे. हैबतीची मुलगी पूनम महाडच्या श्रीपतरावांच्या घरी दिलेली. श्रीपतराव एमआयडीसीतल्या एका कंपनीत बॉयलरवर होते. अंगाने भरलेला माणूस, मांडीवर डब्याची पिशवी, बोलणं कमी. लग्न पोलादपूरच्या हॉलमध्ये झालं, कारण बाकीचे हॉल त्या तारखेला गेलेले होते. तिथे हैबतीच्या हातून एक चूक घडली. आपल्याकडे लग्नात माइकवर नावं घेऊन सत्कार करतात. हैबतीच्या बाजूने नावं घेतली गेली: आजी सरपंच, माजी सरपंच, मंडपवाले, आचारी, जनरेटर आणणाऱ्याचंसुद्धा. फक्त नवरदेवाच्या बापाचं, श्रीपतरावांचं नाव राहिलं. त्यांच्या नावाची चिठ्ठी हैबतीच्या खिशात होती आणि ती त्याला सापडली पाठवणीच्या वेळी, डोळे पुसायला रुमाल काढताना.

श्रीपतराव काही बोलले नाहीत. पण त्या वर्षी पूनम गौरीला माहेरी आली नाही. "बघू पुढल्या वर्षी," एवढाच निरोप आला. हैबती काय समजायचं ते समजला. पुढच्याच सोमवारी त्याने महाडच्या स्टँडवर, चार ड्रायव्हर आणि पंधरा पाशिंजरांच्या देखत, पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाला उठवलं, फडक्याने सीट पुसली आणि मोठ्याने म्हणाला, "व्याही, आजपासून ही जागा तुमची. तुम्ही रिटायर होईपर्यंत हितं दुसरं कोण बसायचं नाय."

श्रीपतराव बसले. म्हणाले, "काय म्हणतंय पावसाचं?"

हैबती म्हणाला, "लागतोय."

"तब्येत बरी ना?"

"बरी हाय."

आणि स्टँडचा कोपरा वळायच्या आत श्रीपतरावांनी डोळे मिटले. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत त्यांचं डोकं हैबतीच्या डाव्या खांद्यावर आलं. हैबतीने खांदा हलवला नाही. व्याह्यांचं डोकं ते, हलवायचं कसं? त्याने आपलं डोकं तेवढं उजवीकडे काढून घेतलं, गाडीच्या बाहेर. असं तीन वर्षं रोज. सकाळी जाताना वीस मिनिटं, दुपारी तीनला सुटल्यावर येताना वीस मिनिटं. रस्त्यावरची पोरं म्हणायची, हैबतीचं डोकं आधी येतं, मग गाडी येते.

पण मानेचा आणि व्याह्यांचा काही संबंध असेल हे हैबतीच्या डोक्यात आलं नाही. तो बिचारा उशा बदलत राहिला.

या मार्गशीर्षात दोन गोष्टी एकदम झाल्या. पूनमला सातवा महिना लागला, आणि हैबतीच्या हातातून चहाचा ग्लास पडला.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण न्यायचं म्हणजे आधी व्याह्यांना विचारायचं, त्यांनी "न्या" म्हणायचं, मग चांगला दिवस बघून ललिताने जायचं. ललिता रोज विचारायची, "बोललात काय व्याह्यांना?" आणि हैबती रोज सांगायचा, "झोपले होते."

ग्लास पडला त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सकाळी, कंपन्यांच्या नाक्यावर, हैबतीला हँडलवरचा आपला अंगठा जागेवर आहे की नाही तेच कळेना. बघावं म्हणून त्याने नजर खाली केली, तेवढ्यात गाडी डावीकडे गेली आणि शहाळ्यांच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. मागच्या बायका ओरडल्या. शहाळीवाला कोयता हातात घेऊन तसाच उभा. श्रीपतराव डोळे न उघडता म्हणाले, "आलं का गेट?"

त्या दुपारी ललिताने हैबतीला महाडला दीप्ती मॅडमकडे नेलं. या बाई मानेचे, पाठीचे, गुडघ्यांचे व्यायाम आणि शेक देतात. तरुण आहेत, पण प्रश्न विचारायला लागल्या की फौजदाराच्या वर. त्यांनी हैबतीला सरळ बसवलं, मान इकडे तिकडे वळवून पाहिली, बोटांना टाचणी टोचून पाहिली, आपला हात पुढे करून म्हणाल्या, "आवळा, जोरात." एक्स-रे खिडकीकडे धरून बघितला.

"मणक्यांत थोडी झीज आहे," त्या म्हणाल्या. "ती पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांची असते. तेवढ्याने असं होत नाही. तुमची मान उजवीकडे झुकलेली राहते, म्हणून त्या बाजूची नस दाबली जाते. अंगठ्यात मुंग्या त्याच्याच. आणि डोकं दुखतं ते डोक्याचं नाहीच, मानेचं आहे. वर सरकून येतं. चालताना तोल जातो का? पाय लटपटतात का?"

"नाय."

"नशीब. मान कोणाकडून मोडून घेतलीत का?"

हैबतीने चांगूचं सांगितलं. दीप्ती मॅडमनी डोळे मिटले, पाच आकडे मोजल्यासारखं केलं आणि उघडले. "परत जायचं नाही. आता सांगा, जास्त कधी दुखतं?"

"सकाळी उठतो तवा बरं असतं. सातनंतर सुरू होतं."

"मग उशीचा प्रश्नच नाही."

ललिताने हैबतीकडे बघितलं. नऊ उशा तिच्या नजरेत होत्या.

"आणि रविवारी?"

"रविवारी जरा हलकं असतं."

"गाडी बंद असते?"

"छ्या! रविवारी बाजारची माणसं. दुप्पट फेऱ्या."

"अस्सं," मॅडम पुढे सरकल्या. "म्हणजे गाडीनेही दुखत नाही. मग रविवारी असं काय नसतं, जे बाकीचे सहा दिवस असतं?"

हैबती विचार करायला लागला. डिझेल तेच. रस्ता तोच. खड्डे तेच. मग त्याचा चेहरा पडला.

"रविवारी व्याही नसतात," तो म्हणाला.

मॅडमना कळलं नाही, म्हणून त्यांनी त्याला स्टुलावर बसवून गाडी चालवल्यासारखं करून दाखवायला सांगितलं. डाव्या बाजूला श्रीपतरावांच्या जागी एक लोड उभा केला आणि तो कलता करून हैबतीच्या खांद्याला टेकवला. लोड खांद्याला लागला मात्र, हैबतीची मान आपोआप उजवीकडे गेली. वर त्याने लोडाला त्रास होऊ नये म्हणून श्वास जरा हळू घेतला.

ललिता तोंडाला पदर लावून बाहेर गेली. तिचे खांदे हलत होते.

"त्यांना मागे बसायला सांगा," मॅडम म्हणाल्या. "बाकी मी बघते. दहा दिवस ट्रॅक्शन, शेक, आणि मी देते ते व्यायाम."

"ते नाय जमायचं."

"व्यायाम?"

"व्याही."

मॅडम जरा गंभीर झाल्या. "हे बघा, हातात अजून ताकद आहे. नस अशीच दाबत राहिलात तर ती जाईल. मग गाडी विकावी लागेल. तेव्हा व्याही कुठे बसणार?"

घरी येताना हैबतीपुढे प्रश्न असा होता. पुढची सीट सोडा म्हणावं, तर श्रीपतराव रुसणार. नुसतं माइकवर नाव राहिलं तर त्यांनी गौरीला पोर धाडली नाही. तीन वर्षांची जागा काढून घेतली तर बाळंतपणाला धाडतील? आणि न म्हणावं, तर हात जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"आधी पोरीचं बोला," ललिता म्हणाली. "ती घरात आली, की मग मानेचं. दोन्ही एकदम काढू नका."

धोंडूबाईला सगळं कळल्यावर ती म्हणाली, "भारा डोकीवर घेतला तर माणूस सरळ चालतो रे. तू येडा खांद्यावर घेतलास."

हैबतीने प्रयत्न केले नाहीत असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने घसा साफ करून सुरुवात केली, "व्याही, एक बोलायचं होतं."

"बोला की," श्रीपतराव म्हणाले आणि डोळे मिटले. हैबती वाक्य जुळवत राहिला. जुळलं तेव्हा कंपनीचं गेट आलं होतं.

मग त्याने युक्ती केली. कांद्याचं अर्धं पोतं पुढच्या सीटवर ठेवलं, म्हणजे व्याही आपणहून मागे जातील. श्रीपतरावांनी पोतं उचललं, बसले, पोतं मांडीवर घेतलं. वर म्हणाले, "तुमच्यासाठी एवढं करायला नको?" त्या दिवशी खांद्यावर डोकं आणि बरगडीत कांदे.

शेवटी त्याने पूनमला फोन केला. पूनम म्हणाली, "बाबा, मी सून हाय इथं. सासऱ्यांना जाऊन काय सांगू, माझ्या बापाच्या खांद्यावर झोपू नका?"

व्यायाम तेवढे चालू होते. गाडी स्टँडवर भरेपर्यंत तो मान हळूहळू डावीकडे न्यायचा, पाच आकडे, मग हळूहळू उजवीकडे. एक बाई पिशव्या घेऊन आली, "बिरवाडी जाणार काय?" हैबती मोजत होता, त्याला बोलता येईना. मान डावीकडून उजवीकडे गेली. बाई म्हणाली, "नाय तर नाय, तोंडाने बोला की," आणि दुसऱ्या गाडीत जाऊन बसली. असे त्याने आठवड्यात पाच-सहा पाशिंजर घालवले.

ट्रॅक्शनला तो रोज दुपारी बाराला जायचा. पण एका मंगळवारी लग्नाचं भाडं आलं, म्हणून मॅडमनी त्याला चार वाजता बोलावलं. सकाळी गेटवर श्रीपतराव उतरताना हैबती त्यांना म्हणाला, "आज तीनची फेरी नाय व्याही. जरा काम हाय." श्रीपतराव म्हणाले, "असू द्या. मलाही महाडात जरा काम आहेच."

चारला हैबती ट्रॅक्शनच्या खाटेवर आडवा झाला. हे ट्रॅक्शन म्हणजे हनुवटीखाली आणि डोक्यामागे एक पट्टा बांधतात, तो दोरीने यंत्राला जोडतात, आणि यंत्र मान हळूहळू ओढतं, सोडतं. वीस मिनिटं. ओढतं तेव्हा तोंड घट्ट मिटतं. बोलायचं म्हटलं तर नाकातून हुंकार निघतो, बाकी काही नाही. डोळ्यांपुढे छत आणि पंखा. हातात एक बटण देतात. फारच दुखलं तर दाबायचं.

शेजारी हिरवा पडदा होता, पलीकडे दुसरी खाट. तिथे कोणी तरी येऊन बसल्याचा आवाज आला. खाट चांगलीच करकरली.

"या, बसा," दीप्ती मॅडमचा आवाज. "नवीन ना तुम्ही? काय होतंय?"

"मान हो मॅडम. अशी अवघडून गेलीय. डावीकडे न्यायचं म्हटलं की ब्रह्मांड आठवतं."

हैबतीने पंख्याकडे बघत कान टवकारले. आवाज त्याने रोज दोनच वाक्यांपुरता ऐकलेला होता, तरी ओळखीचा होता.

"किती दिवस?"

"सहा-सात महिने. कशाने ते मला माहीत आहे. आमच्या व्याह्यांच्या गाडीने."

यंत्राने हैबतीची मान ओढली.

"श्रीपतराव," मॅडम घाईघाईने म्हणाल्या, "जरा हळू बोला. बाजूला पेशंट आहे."

"असू द्या हो, आपलं काय गुपित आहे? त्यांच्या पुढच्या सीटवर बसावं लागतं मला. अर्धी सीट त्यांची, अर्धी माझी, आणि मधे इंजिनाचा चटका. दुपारी येताना मागे ऐसपैस बाक मोकळं असतं, मी बघतो ना. पण त्यांनी सगळ्या स्टँडादेखत सीट पुसून जागा दिली. मागे बसलो तर म्हणतील, रुसला. आधीच त्यांच्याकडे मला रुसका म्हणतात."

"का बरं?"

"लग्नात माइकवर माझं नाव घेतलं नाही म्हणून मी रुसलो, अशी हूल उठली. अहो, मला पत्ताच नव्हता! नावं चालली होती तेव्हा मी हात धुवायला गेलो होतो. आणि गौरीला सून गेली नाही ती तिच्या मर्जीने. आमच्या आळीत गौरीला बायका फेर धरतात, तिला तेच बघायचं होतं. घरी काय सांगू म्हणाली, तर मी म्हटलं, माझं नाव सांग. सासरा कशाला असतो?"

"हुं!" पडद्याच्या अलीकडून आवाज आला.

"त्यांना फार दुखतंय का?" श्रीपतरावांनी काळजीने विचारलं.

"नाही, नाही. तसं होतं," मॅडम म्हणाल्या. "पण मान कशाने अवघडते? तुम्ही झोपता का गाडीत?"

"झोपतोय कुठला! डोळे मिटून पडतो. पाऊस विचारून झाला, तब्येत विचारून झाली, तिसरं काय बोलायचं? ते तर तोंडच उघडत नाहीत. आणि दुसरं म्हणजे, खोटं कशाला सांगू, त्यांची ओव्हरटेक बघवत नाही. समोरून टँकर येतोय, आणि हे निघाले! म्हणून डोळे मिटतो. मिटले की डोकं त्यांच्या खांद्यावर ठेवावं लागतं, नाहीतर सोंग उघडं पडेल. आणि तो खांदा! खांदा कसला, जात्याचा खुंटा. वीस मिनिटं त्यावर डोकं ठेवून दाखवा."

"हुं! हुं!!" तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हैबती शब्दशः खात होता. त्याने बटण दाबलं. म्हणजे दाबलं असं त्याला वाटलं. अंगठ्यात मुंग्या होत्या. बटण खाली पडलं होतं.

"मग सांगून टाका ना त्यांना."

"कसं सांगू?" श्रीपतरावांचा आवाज एकदम खाली आला. "सुनेला सातवा चाललाय. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण त्यांनी अजून विचारलंच नाही. ही घरात रोज म्हणते, त्यांना न्यायचं नसेल. आपण होऊन 'घेऊन जा' म्हणावं, तर पोरीला वाटायचं, सासूसासऱ्यांना जड झाली. त्यात सीटचं काढलं आणि ते बिघडले, तर पोरीचं माहेर तुटायचं. म्हणून मी रोज वाट बघतो, आज विचारतील. परवा म्हणाले, 'एक बोलायचं होतं.' मी डोळे मिटून कान देऊन बसलो. गेट आलं तरी बोलले नाहीत!"

तेवढ्यात यंत्राने टूंक असा आवाज केला. वीस मिनिटं झाली होती. मॅडमनी पडदा सारला आणि हैबतीच्या हनुवटीचा पट्टा सोडला. आता दोन खाटांवर दोन व्याही. एक आडवा, एक बसलेला, आणि दोघांच्याही माना उजवीकडे, वाऱ्याने कललेल्या दोन भाताच्या लोंब्यांसारख्या.

मान वळवता येत नसल्यामुळे श्रीपतरावांना अख्खं अंग फिरवावं लागलं. बघितलं, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

हैबतीला तीन वर्षांचं बोलायचं होतं. पोरीचं होतं, मानेचं होतं, चिठ्ठीचं होतं. पण माणसाला कुठे लागेल ते सांगता येत नाही. तो उठून बसला आणि म्हणाला, "माझी ओव्हरटेक काय वाईट हाय?"

"व्याही..."

"बावीस वर्षं चालवतोय. एक खरचटा नाय गाडीला!"

"शहाळ्याच्या गाडीला वीतभर राहिली होती," श्रीपतराव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही जागे होतात!"

"डोळे उघडायची हिंमत नव्हती."

"तुमचं डोकं उचलून धरायच्या नादात अंगठा गेला माझा, म्हणून झालं ते! आता खांदा खुंटा झाला काय?"

दीप्ती मॅडम दोघांच्या मधे उभ्या राहिल्या. "मोठ्याने बोला हवं तर, पण माना झटकू नका," त्या म्हणाल्या. "दोघांनीही."

हैबतीने आपला अंगठा चोळला. त्याला आठवलं, घरी ललिता विचारणार: बोललात काय व्याह्यांना? आणि आज तर ते झोपलेले नव्हते.

"पूनमला नेऊ काय?" तो म्हणाला.

श्रीपतरावांनी डब्याची पिशवी खाटेवर ठेवली. "रविवारी न्या," ते म्हणाले. "मी घेऊन येतो तिला स्टँडवर. बाजारची गर्दी नको, दुपारी दोनला या."

"तुम्ही पण चला बिरवाडीला. जेवायला."

"येतो." श्रीपतराव थांबले. "पण मी मागे बसेन."

"मागंच बसा!" हैबती म्हणाला. एवढ्या जोरात, की मॅडमनी दचकून त्याच्या मानेला हात लावला.

रविवारी हैबतीने गाडी धुतली. ललिता सकाळपासून काहीतरी आत नेऊन ठेवत होती. त्याने पाहिलं तर मागच्या बाकावर उशा लावलेल्या होत्या. पातळ, जाड, शेवरीची, गोल, जितेशची खड्ड्याची, सगळ्या नऊच्या नऊ. धोंडूबाई दारातून बघत म्हणाली, "दोन वर्षांनी कुठं त्यांचा उपेग झाला."

दोनला महाडच्या स्टँडवर पूनम आली. ती उशांमध्ये अशी बसली की तिचं तोंड आणि पोट तेवढं दिसत होतं. खड्ड्याची उशी तिने पाठीमागे घेतली आणि म्हणाली, "ही बेस हाय बाबा." श्रीपतराव तिच्या समोरच्या बाकावर ऐसपैस बसले, पिशवी बाजूला ठेवली, पाय पसरले. पुढची सीट रिकामी होती. हैबती सरळ मधोमध बसायला गेला, तर बावीस वर्षांच्या सवयीने बूड आपोआप उजवीकडे सरकलं. त्याने परत मधे आणलं.

गाडी निघाली. श्रीपतराव मागून म्हणाले, "पाऊस तर गेला आता."

"गेला."

"तब्येत?"

"आता येईल जागेवर."

इथे नेहमी संभाषण संपायचं. हैबतीने आरशात बघितलं. श्रीपतरावांचे डोळे उघडे होते. त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवायचं म्हणता?" आणि मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय, आणि ते कोण ठरवणार, यावर मागच्या बाकावर सासरा आणि सून यांच्यात जे सुरू झालं, ते एमआयडीसीच्या फाट्यापर्यंत चाललं. हैबती मधेच बोलायला मागे वळू गेला, तर दोघं एकदम ओरडले, "पुढे बघा!"

पुढे एक टँकर होता. भरलेला, आणि बैलगाडीच्या चालीने चाललेला. रस्ता मोकळा होता. हैबतीचा हात हँडलवर शिवशिवला. आज ते मुंग्यांनी नव्हतं. त्याने आरशात बघितलं. श्रीपतराव बोलता बोलता थांबले होते, दोन्ही हातांनी बाक धरलं होतं, आणि डोळे घट्ट मिटले होते.

हैबती टँकरच्या मागेच राहिला. मागून दोन गाड्या हॉर्न वाजवत पुढे गेल्या, एक सायकलवालाही गेला. एरवी दहा मिनिटांचा तो रस्ता त्याने अर्धा तास चालवला. बिरवाडीत शिरल्यावर दारात आधी धोंडूबाई दिसली, मग ललिता, तिच्या हातात भाकरतुकडा.

गाडी थांबवून हैबतीने मान हळूहळू डावीकडे वळवली. दुखली, पण वळली.

"उघडा डोळे, व्याही," तो म्हणाला. "आलं घर."